उलट्या बाजूचे नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. दिवाणखान्यात गालिचा टाकायचा तुमचा नुसता विचार असला, तरी त्यांना वास लागतो. "एकटे जाऊ नका, फसवतील," म्हणत ते चपला घालून दारात हजर.

गालिच्यांच्या प्रदर्शनात नाना गालिचा समोरून बघतच नाहीत. रंग, नक्षी वगैरे गिऱ्हाइकाला भुलवायला असतं, असं त्यांचं ठाम मत. ते सरळ बैठक मारतात, कोपरा उलटा करतात आणि मुलीकडच्यांनी स्थळाची चौकशी करावी तशी तपासणी सुरू होते. मागे कापड चिकटवलेलं दिसलं की संपलं. "टफ्टेड! सगळा गोंदाचा कारभार!" मागेही नक्षी स्वच्छ उमटलेली असली, तर मात्र चष्मा कपाळावर चढतो आणि इंचभर जागेतल्या गाठींची मोजदाद होते. झालर ताण्याच्या धाग्यांचीच हवी; वरून शिवलेली असली की नानांचा चेहरा पडतो. कुणी "प्युअर सिल्क" म्हणायचा अवकाश, नाना सुटा धागा मागून काडेपेटी काढतात. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम, कागदाचा आला तर व्हिस्कोस. विक्रेता आळीपाळीने काडीकडे आणि भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याकडे बघत राहतो.

तो बिचारा गालिच्यांच्या भदोहीचा, घरात पिढ्यानपिढ्या माग. नाना त्यालाच भदोही समजावून सांगतात. पाठोपाठ आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला आणि आता विंडसरच्या किल्ल्यात असलेला गालिचा येतो. "आपल्या येरवड्याचे कैदीही काही कमी नव्हते हो!" हे इतक्या अभिमानाने, की ऐकणाऱ्याला वाटावं, आजोबा आतच होते.

मापाबाबत मात्र नाना बिनतोड बोलतात. सोफ्याचे पुढचे पाय तरी गालिच्यावर आलेच पाहिजेत, म्हणून आधी घरी टेप लावा. हे कुणी ऐकत नाही.

एवढ्यात वहिनी येतात आणि दोनच प्रश्न विचारतात. "मळखाऊ आहे ना? आणि धुवायचा कसा?" गाठी, ताणा, राणी, सगळं जागच्या जागी राहतं. गडद चॉकलेटी टफ्टेड गालिचा रिक्षात चढतो. त्याचं एक टोक नानांच्याच मांडीवर असतं.

नानांच्या स्वतःच्या घरी अस्सल काश्मिरी गालिचा आहे. तोही उलटा अंथरलेला. म्हणजे लव झिजत नाही आणि पाहुण्यांना गाठी दिसतात. सुलट बाजूचा रंग कोणता, यावरून नाना आणि काकूंचं अजून एकमत झालेलं नाही.