त्रुटी आहे, पूर्तता करा

सरकारी कामातला कागद संपला म्हणे. मग क्षेत्रीय कार्यालयासमोरचा झेरॉक्सवाला कशावर जगतो?

धोरणात खोट नाही, बरं का. केंद्राने 2017 मध्येच नियम करून सांगितलं की, डिजिलॉकरमधला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य. धरा तो मोबाइल खिडकीसमोर. ‘‘प्रिंट काढून आणा.’’ आणली. ‘‘शिक्का कुठाय?’’ अहो, शिक्क्याच्या जागी क्यूआर कोड आहे, स्कॅन करून बघा की! ‘‘ते साहेब बघतात.’’ साहेब कुठे आहेत?

साहेब साइटवर आहेत. आणि साइट बंद आहे.

राज्यानेही 2015 मध्ये शासन निर्णय काढला. कायद्यानेच मागितलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी प्रतिज्ञापत्र नको, साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालेल. आता एखाद्या पालिकेचा ऑनलाइन अर्ज उघडा. ‘प्रतिज्ञापत्र’ या रकान्यापुढे लाल चांदणी टिमटिमत असते. तिथे काहीतरी चढवल्याशिवाय पुढचं बटण दबत नाही. कारकुनाशी निदान हुज्जत घालता यायची. बटणाशी कशी घालणार?

असं का होतं? सोपं आहे. ठेकेदाराला सांगितलं जातं, अर्ज ऑनलाइन करा. तो जुना छापील अर्ज समोर ठेवतो आणि जसाच्या तसा टाइप करतो. मधल्या काळात निघालेले शासन निर्णय वाचायचं काम निविदेत नसतं.

निविदेबाहेरचं काम आपल्याकडे कोण करतं?

खरी गंमत मुदतीची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा. पालिकाही त्यात आल्या. अधिसूचित सेवा ठरल्या दिवसांत द्यायची, सबळ कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याच्या खिशाला पाचशे ते पाच हजारांची चाट. मग तारीख चुकवायची बिशाद कोणाची? पण घड्याळ सुरू होतं सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज हाती पडल्यावर. आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवणार कोण?

ज्याच्या खिशाला चाट बसायची, तोच!

म्हणून पंधरा दिवसांच्या कामात चौदाव्या दिवशी संध्याकाळी मेसेज येतो, ‘त्रुटी आहे, पूर्तता करा.’ कसली? ‘कागदपत्र अस्पष्ट.’ असणारच. पोर्टलला फाइल अमुक केबीच्या आतच हवी असते, म्हणून तुम्हीच ती दाबून दाबून चपटी केलेली असते. पुन्हा चढवा. घड्याळ पुन्हा शून्यावर.

मुदतीत फेटाळलेला अर्जसुद्धा ‘निकाली’च धरला जातो. मग डॅशबोर्ड हिरवागार का नसावा?

अपील आहे ना! पहिलं आणि दुसरं त्याच यंत्रणेतल्या वरच्या साहेबांकडे, तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. आयोगाचं ब्रीदवाक्य ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’. नळजोडाच्या एका अर्जासाठी तिथवर पोचणाऱ्याला पाणी नको, सत्कार हवा.

स्मार्ट सिटी अभियान 2015 ला सुरू झालं आणि 31 मार्च 2025 ला गुंडाळलंही. पहिल्या वीस शहरांत पुणे आणि सोलापूर होतं. कंट्रोल रूमच्या भिंतीवर भलेमोठे पडदे लागले. तिथून अख्खं शहर दिसतं म्हणतात. खिडकीपुढची रांग तेवढी दिसत नसावी.

सगळंच रडगाणं नको. एक सेवा धोरणाबरहुकूम चालते, मिळकतकराची. ना शिक्का, ना झेरॉक्स, ना त्रुटी. पैसे गेले की पावती हजर. वडील जाऊन वर्षं लोटली तरी बिल त्यांच्याच नावाने येतं, तुम्ही भरता, आणि तुम्ही कोण असं पालिका एका शब्दाने विचारत नाही.

नाव बदलायला जा, मग विचारते. मृत्यूचा दाखला जोडा. तो याच पालिकेने दिलाय, शेजारच्याच खिडकीतून. असेना. स्कॅन करा, स्वतः साक्षांकित करा, चढवा. आणि तपासणीला मूळ प्रत घेऊन या. अर्ज ऑनलाइन आहे, पण यावं लागेल.

येताना चालू वर्षाची कर भरल्याची पावतीही आणा. वडिलांच्या नावाची चालेल.