मटकासूर ऊर्फ मटकी

पिल्लाचं नाव काय ठेवायचं, हे प्रस्तुत लेखकाने कोणालाही विचारलं नाही. पिल्लू घरी यायच्या आधीच नाव ठरलेलं होतं: मटकासूर. ताडोबा गाजवलेल्या नर वाघाचं नाव. चंद्रपुरात वाघांची नावं घरच्यांसारखी घेतली जातात. माया कुणाची, छोटी ताराचे बछडे कुठे गेले, वाघडोह म्हातारपणी कुणीकडे फिरायचा, यावर पानठेल्यावर तास तास जातात. स्वतःच्या चुलत आत्याचं नाव न आठवणारी माणसं तिथे वाघाच्या तीन पिढ्या घडाघडा सांगतात. या चर्चेत लेखकाला तोंड नव्हतं. त्याने मोहर्ली गेट केलं, कोलारा गेट केलं, खाकी टोपी घेतली, दुर्बीण घेतली, अकरा खिशांचं जाकीट घेतलं. वाघ तेवढा दिसला नाही. जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ असताना एकही न दिसणं याला अंगी काही विशेष लागतं. तेव्हा निदान अंगणात तरी एक मटकासूर असावा, एवढीच माफक इच्छा.

नाव तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातून "मटकी, ये" म्हटलं आणि पिल्लू शेपूट हलवत गेलं. आता दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे मटकीच म्हणतात. लसीकरणाच्या कार्डावरसुद्धा "मटकी (नर)" असं लिहिलेलं आहे.

जातीचं म्हणाल, तर पिल्लू देणाऱ्याने "आईकडून लॅब्रॅडॉर" असं सांगितलं होतं. बापाकडून काय, हे विचारल्यावर त्याने विषय बदलला.

तसं पाहिलं तर आमच्या भागात कुत्र्याचं कौतुक सांगायची सोय नाही. भामरागड तालुक्यात हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांच्या अंगणात बिबटे, अस्वलं, तरस लहानाचे मोठे झाले. ज्या मुलखात डॉक्टर बिबट्याला घेऊन फिरायला निघायचे, तिथे "आमचा मटकी हात मिळवतो" असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांच्या वडिलांनी, बाबा आमट्यांनी, वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करायला घेतलं तेव्हाची पुंजी सर्वांना पाठ आहे: सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये. त्या पुंजीत एक कुत्राही होता. पण भाषणात गाय येते, 14 रुपये तर येतातच. कुत्रा बहुधा गळतो. चहाची वेळ झालेली असते.

कुत्र्याला गाळायची ही खोड आपल्याकडे फार जुनी आहे. खुद्द चंद्रपूर शहर एका कुत्र्यामुळे वसलं, हे किती चंद्रपूरकर छाती काढून सांगतात? (इथे लेखकाला अडवू नये. घरी अडवून झालं आहे, उपयोग होत नाही.)

दंतकथा पंधराव्या शतकातल्या गोंड राजाची, खांडक्या बल्लाळशहाची. राजधानी तेव्हा बल्लारपूरला. राजाच्या अंगावर गाठी उठलेल्या, कोणतंही औषध लागू पडेना. एकदा शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी तो प्यायला, हातपाय धुतले, आणि गाठी गेल्या. तिथे आज अचलेश्वराचं देऊळ आहे. इथवर सगळे सांगतात. पुढचं ऐका. त्याच भागात राजा पुन्हा शिकारीला निघाला, सोबत कुत्रा. झुडुपातून ससा निघाला, कपाळावर पांढरा ठिपका. आता रिवाजाप्रमाणे कुत्र्याने सशामागे धावायचं. झालं उलटं. ससा कुत्र्याच्या मागे लागला.

राजाचा कुत्रा! राजवाड्याची भाकर खाऊन वाढलेला! तो पळतोय, मागे ससा, त्यामागे घोड्यावर राजा, आणि राजाच्या मागे बहुधा दहा-वीस शिपाई, एकमेकांकडे न बघता. कुत्रा कधी सरळ पळाला, कधी वाकडा, कधी गोल फिरला. शेवटी काय मनात आलं कोण जाणे, तो उलटला आणि त्याने ससा मारला. राजाने घरी येऊन हे राणीला सांगितलं. दुसरी कोणी असती तर "कुत्रा बदला" म्हणाली असती. राणी म्हणाली, हा शुभशकुन आहे. ही धावाधाव ज्या वाटेने झाली त्याच वाटेवर परकोट बांधा आणि आत शहर वसवा. आखणी झाली, काम पुढच्या राजांनी तडीला नेलं. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशी, शिवाय पाच खिडक्या. परकोटाची लांबी कोणी नऊ किलोमीटर धरतं, कोणी अकरा. नगररचनेच्या कॉलेजात काय शिकवतात ते शिकवोत. जटपुरा गेटापाशी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाने एवढंच लक्षात घ्यावं, की हा रस्ता एका घाबरलेल्या कुत्र्याने आखलेला आहे.

रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याचा पुतळा सर्वांना माहीत आहे. चंद्रपूरच्या या कुत्र्याला पुतळा नाही. त्याचं तर नावही कोणी टिपून ठेवलेलं नाही.

या कथेचा लेखकाच्या मनावर इतका परिणाम झाला, की मटकी पहिल्यांदा शेजारच्या मांजरीपुढे पळाला तेव्हा तो मागोमाग धावत गेला, वाट पाहून ठेवावी म्हणून. वाट सरळ पलंगाखाली गेली. तिथे शहर वसवण्याइतकी जागा नाही.

मटकीच्या नावावर शिकार एकच. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. एका रविवारी सांबारवडीसाठी निवडून ठेवलेल्या चार जुड्या त्याने ओट्यावरून ओढल्या आणि अंगणभर केल्या. त्या संध्याकाळी पुण्याच्या मेहुण्याला फोनवर "आज आमच्या मटकासुराने सांबार मारला" असं सांगताना लेखकाने काना जरासा गिळला. मेहुणा दोन दिवस घाबरलेला होता. वन्यजीव कायदा वगैरे.

आता मागच्या पौषातली गोष्ट. घर शहराच्या कडेला, मागे कोळसा खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, त्यावर माजलेली विलायती बाभूळ. रात्री दीडच्या सुमारास मागच्या अंगणात काहीतरी वाजलं. लेखक बॅटरी घेऊन उठला. (जाकीट घालावं का, असाही विचार केला.) मटकी दारात आडवा उभा. एरवी कुरिअरवाल्यावर घसा फोडून भुंकणारं हे जनावर तोंडातून आवाज काढेना. अंग थरथरत होतं, पाठीवरचे केस उभे, शेपूट पोटाखाली, आणि डोक्याने तो लेखकाच्या गुडघ्याला मागे रेटत होता. एकदा बाजूला सारला, पुन्हा आडवा आला. लेखक परत फिरला. सकाळी नळापाशी ओल्या मातीत ठसे होते. नख नाही, गोल, बिबट्याचे.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचं जेवण काढलं होतं. वजनाच्या हिशेबाने 39 टक्के कुत्री. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी बिबट्याच्या ताटात शेळ्यांचा वाटा कुत्र्यांहून फार कमी. म्हणजे भीती कशाची, हे त्या रात्री दोघांपैकी मटकीलाच नीट कळत होतं.

लेखकाने ही हकीकत पानठेल्यावर सांगायला घेतली. अखेर त्यालाही काहीतरी दिसलं होतं, निदान ठसे. "जीव धोक्यात घालून वाचवलं मला," इथपर्यंत आवाज दाटून आला होता. वेकोलिच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले शेजारी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तुमाले नाही जी वाचवत होता. दार लावा, मी आत हाओ, असं म्हनत होता."

सगळे हसले. लेखकही हसला, थोडा उशिरा.

मग त्याच आठवड्यात बाजारात भाजी विकणाऱ्या बाईंनी मटकीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या सिंदेवाहीकडच्या. "आमचा गेला जी, मोहाच्या दिवसात. बिबटानं नेला." कुत्रा पुढे चालायचा, त्या मागे. तो थबकला की त्या थबकायच्या, तो पायात आला की टोपली तिथेच टाकून परतायचं. आता बाया जोराजोरात बोलत जातात. एवढं सांगून त्यांनी वांगी तोलली. 2025 च्या मे महिन्यात त्याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तिघी एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. सफारीला जिप्सी असते, गाइड असतो, आणि तरी वाघ दिसला नाही म्हणून लेखकासारखी माणसं रुसून घरी येतात. मोहफुलं वेचणाऱ्या बाईजवळ असतं ते घाबरणारं एक कुत्रं. सरकारी नुकसानभरपाईच्या यादीत गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांची नावं आहेत. कुत्र्याचं नाव तिथेही गळलेलं आहे.

त्या दिवसापासून पानठेल्यावरच्या हकिकतीत लेखकाने बदल केला. आता तो "मटकी घाबरला, म्हणून मी वाचलो" असं सांगतो. ऐकणाऱ्यांना ही आवृत्ती तितकीशी आवडत नाही. शेजाऱ्यांना आवडते, परवा त्यांनी मटकीला अर्धं बिस्कीट दिलं. अर्धं स्वतः खाल्लं.

सध्या नवतपा चालू आहे. पारा सेहेचाळीसला टेकलाय, रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नाही. घरात कूलर एक. त्याच्या वाऱ्याच्या सरळ रेषेत जी फरशी आहे तिच्यावर मटकासूर ऊर्फ मटकी पोट टेकून, चारी पाय पसरून पडलेला आहे, ओल्या वाळ्याचा वास घेत. उठवायला गेलं तर एक डोळा उघडतो आणि पुन्हा मिटतो. जाकीट त्याच्याखाली अंथरलेलं आहे, अकरा खिशांसकट.

हा लेख पडवीत बसून लिहिला.