शिवेचे मोल

नेऱ्याहून हिंजवडीस नोकरीला जाणारा अभियंता कंपनीच्या कामानिमित्त परदेशी उतरला, की त्याच्या खिशातला ‘डेटा रोमिंग’ चालू असलेला मोबाईल, धन्याचा हुकूम नसतानाही, ॲप अद्ययावत करतो आणि आत्याबाईंनी व्हॉट्सॲपवर फुकट धाडलेला शुभप्रभातीचा गुलाब अख्ख्या बागेच्या भावाने उतरवून घेतो. ही स्वामिनिष्ठा खचितच स्तुत्य होय. याउलट, युरोपीय संघाने १५ जून २०१७ रोजी आपल्या देशांमधील रोमिंगचा जादा आकार रद्द केला आणि पाठोपाठ १ जुलैस मुंबईची जकातही गेली. महसुलाची ही उधळपट्टी पाहून मन विषण्ण होते. सबब, नेऱ्याहून हिंजवडीस जाताना वाटेत लागणाऱ्या मारुंजीच्या शिवेत शिरणाऱ्या प्रत्येक निरोपावर नेरेकरांकडून जकात वसूल व्हावी. निरोप उघडला नाही, तर दंडासह. विमानात चढण्यापूर्वी ‘डेटा रोमिंग’ बंद करण्याची कृतघ्नता मात्र सुज्ञांनी करू नये.