पिवळ्या रेशमातला पश्चात्ताप

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना अशा कुंपणापाशी, सगळ्या पेडगावानं ऐकायला नको. आर्टेमिसिया म्हणून ती जुनी इटालियन चित्रकार बाई, तिचं ते चित्र हो, मग्दालीया मरीयेचं! काल भजन संपल्यावर आमच्या सुनेनं मोबाइलवर दाखवलं. पिवळंधमक रेशीम, एक हात छातीवर, दुसऱ्यानं आरसा बाजूला सारतेय... आणि म्हणे पश्चात्ताप! थोरल्या जाऊबाई लगेच, “पापं धुवायला बसलीय की लग्नाला निघालीय?” सून म्हणाली, “मोठ्या आई, कुठली पापं? ती वाईट चालीची होती असं बायबलात कुठंच नाही. 591 साली पोप ग्रेगरींनी प्रवचनात तीन बायांची मिळून एक केली, ते चिकटलं ते चिकटलंच.” जाऊबाईंचं तोंड असं पडलं म्हणता! आणि आरशावर लॅटिनमध्ये लिहिलंय ना, तिनं उत्तम तेच निवडलं म्हणून, ते मुळात त्या तिघींतल्याच मार्थेच्या बहिणीबद्दलचं. म्हणजे घोळ चित्रातही आहेच.

तर काय सांगत होते... हां, त्या आर्टेमिसियाचं, पोरीचं. 1612 चा रोमचा खटला तर तुम्हाला माहितीच आहे. त्या टासी नावाच्या चित्रकारानं तिच्यावर जबरदस्ती केली, वर लग्नाचं वचन दिलं, स्वतःची बायको असून! बापानं, ओराझिओनं, फिर्याद केली. आणि पिळलं कुणाला? पोरीला! खरं बोलतेय का बघायला बोटांना दोऱ्या गुंडाळून आवळल्या. ब्रश धरायची बोटं हो, वय अवघं अठरा! तरी शब्द फिरवला नाही. उलट टासीलाच म्हणाली, हीच का तुझी अंगठी. त्याला काय, रोम सोडायची शिक्षा, ती पण कागदावरच. पश्चात्ताप कुणी करायचा आणि...

जाऊ द्या. पुढं लग्न करून फ्लॉरेन्सला गेली, 1616 ला तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत पहिली बाई मेंबर झाली. हे चित्रही तिथलंच, आता पिट्टी पॅलेसमध्ये आहे. फ्लॉरेन्सच्या तेव्हाच्या ग्रँड डचेसचं नाव मारिया मॅग्डालेना, आता रेशीम एवढं भारी का, ते मी कशाला बोलू! खुर्चीवरची सही बघा, नवऱ्याचं आडनाव नाही हं, माहेरच्या घराण्याचं जुनं, लोमी.

नवरा? अहो, तोच तर किस्सा! मारिंघी म्हणून एक श्रीमंत गृहस्थ होता, त्याला हिची पत्रं जायची... तसली. 2011 साली सापडली की! आणि त्याच पत्रांच्या पाठीमागं नवऱ्यानं त्या गृहस्थाला स्वतःचा मजकूर लिहिलेला! जाऊबाईंना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.