लेव्हलवाले काका

सांगलीच्या गावभागात आमच्या समोर राहणारे काका बँकेतून निवृत्त झाले, पण बढतीची सवय काही सुटली नाही. ती आता ते अध्यात्मात भागवतात. रेकी त्यांना आवडली, कारण तिथं पहिली डिग्री, दुसरी डिग्री आणि वर मास्टर असतो. रेकीचं प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन देवघरात गणपतीशेजारी विराजमान आहे. इगतपुरीच्या विपश्यनेवर मात्र राग. "दहा दिवस तोंड बंद, फी नाही आणि शेवटी साधा कागद नाही! उद्या कुणी विचारलं तर दाखवायचं काय?"

हल्ली त्यांच्या मोबाइलवर सायंटॉलॉजी अवतरली आहे. रॉन हबर्ड हे अमेरिकन विज्ञानकथालेखक. १९५० साली त्यांनी 'डायनेटिक्स' हे मनाच्या दुरुस्तीचं पुस्तक काढलं आणि पुढं त्यातूनच सायंटॉलॉजीचं चर्च उभं केलं.

"काय पद्धतशीर आहे बघा! माणूस म्हणजे थेटन, अमर आत्मा. जुन्या दुखऱ्या आठवणी एकेक तपासून काढायच्या. त्याला नावसुद्धा ऑडिटिंगच! खातं स्वच्छ झालं की माणूस 'क्लिअर'. मग वर आठ पायऱ्या. पैसे मोजा, चढा. आणि १९९३ला अमेरिकेच्या आयकर खात्यानं करमाफी दिलीय. मोक्षाला याहून मोठा पुरावा कुठला?"

"पण मन तपासतात कशानं?"

"ई-मीटरनं. दोन हातांत दोन डबे धरायचे, सुई हलते."

गहू निवडता निवडता काकू म्हणाल्या, "मग रोज सकाळी ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे खाली नेत चला. निदान माझं मन क्लिअर होईल."

"आठवी पायरी मात्र जहाजावरच देतात," काका हळहळले.

"२०१९च्या पुरात बोट दारात आली होती. तेव्हाच बसायचं की!"

मध्यंतरी साताऱ्याच्या मेहुणीनं त्यांना गोंदवल्याला नेलं. गोंदवलेकर महाराज १९१३ साली गेले, पण नाम आणि अन्न तिथं आजही फुकट मिळतं. रामनामाचा तेरा अक्षरी मंत्र, त्याचा तेरा कोटी जप. हे ऐकून काका खुलले, टार्गेट होतं! पंगतीत त्यांनी वाढप्यालाच विचारलं, "तेरा कोटी झाले की पुढची लेव्हल कुठली?"

"पुढची? पुढची पंगत अर्ध्या तासानं, काका. आत्ता आमटी घ्या."

काका दोनदा आमटी जेवले आणि नाराज होऊन परतले. हबर्डसाहेबांना धर्म कळला होता की नाही, देव जाणे. गिऱ्हाईक नक्की कळलं होतं. आत्मा सगळ्यांनाच हवा असतो. काकांना तो पावतीसह हवा आहे.