पाळीव डास

आमच्या सोसायटीत डास वाढले, की दोष कोणाचा यावर मतभेद होत नाहीत. पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसंही तेव्हा एकदिलाने महापालिकेकडे बोट दाखवतात. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर दोघांना डेंगू झाला, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागाला पत्र लिहिलं. भाषा इतकी जळजळीत, की नुसतं वाचून दाखवलं असतं तरी चार डास मेले असते.

दोन दिवसांनी खांद्याला यंत्र अडकवून धूरवाला आला. पोरं आरडाओरडा करत त्याच्यामागे पळाली. आम्ही शहाण्या माणसांनी खिडक्या गच्च लावून घेतल्या. धूर बाहेर राहिला आणि डास आत.

पाठोपाठ टॉर्च घेतलेला एक कर्मचारी माझ्याच दारात उभा. मी तत्परतेने सांगितलं, "गटार मागच्या बाजूला आहे."

"डेंगूचा डास गटारात नाही वाढत, काका. त्याला स्वच्छ पाणी लागतं. आणि धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. म्हणून आधी घर बघतो."

स्वच्छ म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. स्वच्छतेत आमच्या घराला तोड नाही. नेमकं तेच नडलं. घरात भरभराट व्हावी म्हणून हिने काचेच्या बरणीत मनी प्लांट ठेवलाय. त्याने टॉर्च मारला, तशी पाण्याखाली एकदम धावपळ उडाली. अळ्या वळवळत तळाशी निघाल्या. भरभराट झाली होती, फक्त ती आमची नव्हती.

मग त्याने फ्रिज पुढे ओढला. मागे पाणी साठणारा ट्रे असतो, हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं. डासांना आधीच माहीत होतं.

मी बरणी उचलून मोरीकडे निघालो, तर त्याने अडवलं. "पाणी कोरड्या जमिनीवर ओता. आणि बरणी आतून घासा. अंडी काचेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात, पाणी मिळालं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा."

मी नोटीस बोर्डावर तसं लिहिलं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे आबा हवालदिल होऊन आले. "कोरडा दिवस कुठलाही ठेवा, सेक्रेटरी. शनिवार तेवढा सोडा."

माझ्या जळजळीत पत्राचं उत्तरही यथावकाश आलं. १८८८च्या महापालिका कायद्याखाली डासांची पैदास केल्याबद्दलची नोटीस होती ती, माझ्याच नावाची.

आता दर शुक्रवारी सकाळी मी ट्रे पुसतो, गच्चीवर जाऊन ताडपत्रीच्या घडीतलं पाणी झटकतो. मनी प्लांट मातीत लावलाय. तुमच्याकडे डास झाले, तर वॉर्ड ऑफिसला पत्र अवश्य लिहा. फक्त पाकीट चिकटवण्याआधी एकदा फ्रिज पुढे ओढून बघा.