तेराव्याआधी बसा

पन्नाशीचा माणूस. मिसरूड फुटल्यापासून शेत कसतोय. पण सोसायटीत पीककर्ज मागायला गेला की सातबारा निघतो वडिलांच्या नावाचा. अंगठा वडिलांचा, फेड याची. ऊस मोडून डाळिंब लावायचं तरी म्हाताऱ्याची मान हलली पाहिजे. याला आपण मान राखणं म्हणतो. मी हेळसांड म्हणते. बापाची, मुलाची आणि जमिनीचीही.

मग एक दिवस म्हातारा जातो आणि जे त्याच्यासमोर बोलायचं होतं ते तेराव्याच्या मांडवात सुरू होतं. वारस नोंदीचा अर्ज, फेरफार, तलाठ्याकडच्या खेपा. वारस लागले तरी वाटणी झालेली नसतेच. सगळी नावं एका सातबाऱ्यावर सामाईक, आणि कर्ज काढायचं तर प्रत्येकाची सही. कित्येक घरांत तर आजोबांचंच नाव अजून खाली उतरलेलं नाही. 1970-71 मध्ये राज्यात सरासरी शेत 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर उरलं. एवढ्याशा रानात दोन पिढ्यांचा घोळ मावत नाही.

आणि त्याच मांडवात बहिणींपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं. रडून डोळे सुजलेत, माहेर तुटायची भीती आहे, अशा बाईची सही ही खुशीची सही नव्हे. महाराष्ट्राने 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला, देशाने 2005 साली. बाप 2005 आधी वारला असला तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. तरी गावात विचारतात, ‘तिला कशाला पाहिजे?’ विचारायचंच तर तिला विचारा, बाप समोर बसलेला असताना.

म्हाताऱ्यांची धास्ती मात्र खरी आहे. सगळं पोरांच्या नावावर केलं आणि जेवणाचं ताट पडवीत आलं, अशी उदाहरणं त्यांनी शेजारी पाहिलेली असतात. त्यांना भित्रे म्हणू नका, वाट दाखवा. बक्षीसपत्रात ‘देणाऱ्याचा सांभाळ करावा’ ही अट स्पष्ट लिहून घ्या. ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द होऊ शकतं. विहिरीजवळचा एक तुकडा स्वतःच्या आणि बायकोच्या नावावर राहू द्या. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप होतं. तेही नको असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प पेपर लागत नाही. आपल्या वाट्यापुरतं ते चालतं.

आणि सुनेला बैठकीत बसवा. खुरपणी तिची, गोठा तिचा, मजुरांचा हिशेब तिचा. चहा ठेवून ती आत का जाते?

उरतो तो नेहमीचा सवाल: बहिणीला हिस्सा दिला आणि जावयाने बाहेरच्याला विकला तर? हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 22 वाचा. वारशाने आलेला हिस्सा बहीण विकायला निघाली, तर तो घ्यायचा पहिला हक्क इतर वारसांचा, म्हणजे भावाचाही. शेतजमिनीलाही तो लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितलंय. किंमत मात्र मोजावी लागेल.